कुळथाच्या सुपाचा वास

टोकावड्यात कुणाच्या घरात काय नासलंय, हे त्या घरच्यांच्या आधी गिरजाला कळायचं. लोणच्याच्या बरणीचं फडकं सोडायचा अवकाश, ती लांबूनच सांगायची, "वरचं काढून टाक, खालचं चांगलं हाये." दूध, तेल, पोत्यातला तांदूळ, सुके बोंबील, सगळ्यांचा निकाल तिच्या नाकाशी लागायचा आणि त्यावर अपील नसायचं. एकदा देवळातल्या भंडाऱ्याची अख्खी डाळ तिने दारातूनच परत पाठवली. आचारी तिच्यावर डोळे वटारत होता, पण पोतं उलटं केल्यावर तळाशी बुरशीचा हिरवा थर निघाला. तेव्हापासून गावात तिच्या नाकापुढे कुणी बोलत नसे.

हे नाक जेठ महिन्यात गेलं. चांगला सणसणून ताप आला, तो उतरला, आणि जाताना नाक घेऊन गेला. गिरजाच्या हे लगेच लक्षात आलं नाही. पावसाळ्याची बेगमी म्हणून मुरबाडच्या बाजारातून आणलेल्या सुकटीची पिशवी तिने सोडली, हुंगली, परत हुंगली, आणि पुढच्या बाजाराला ती पिशवी काखेत मारून भांडायला गेली. "बिनवासाची सुकट गळ्यात मारतेस काय गो मला?" सुकटवालीने उभ्या जन्मात पुष्कळ तक्रारी ऐकल्या होत्या, पण सुकटीला वास नाही ही पहिलीच. आजूबाजूची माणसं नाकाला पदर आणि रुमाल लावून उभी होती. गिरजाने त्यांच्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं, आणि एक शब्द न बोलता एसटीत येऊन बसली.

घरी आल्यावर तिने फिनेलची बाटली हुंगली. काही नाही. नवऱ्याची, म्हणजे धाऊची, शेतातून आलेली ओली बनियन हुंगली. काही नाही. ते मात्र एक सुखच होतं, पण तेवढंच.

तिने कुणाला सांगितलं नाही. का सांगेल? घरात आता सगळं सूनबाईच्या हातात होतं. अनिता हुशार, बचत गटाची अध्यक्ष; मोबाईल, गॅस, बँक सगळं तीच बघायची. मुलगा साईनाथ कल्याणला कामाला, तो सकाळी अंधारात जायचा आणि आल्यावर बायकोला विचारल्याशिवाय पाणीसुद्धा प्यायचा नाही. धाऊ तर जो जेवायला वाढेल त्याच्या पक्षाचा. या घरात गिरजाला विचारून होणारी एकच गोष्ट उरली होती, आणि ती म्हणजे हुंगणं. तेही गेलं म्हटल्यावर पुढे ओटीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला "कुठं चाललास रे?" विचारायचं, एवढंच. गिरजाला याची खरोखर भीती वाटत होती.

मग तिने दुसरी विद्या काढली. बरणी घेऊन कुणी आलं की ती आधीसारखीच नाकाशी धरायची, डोळे मिटायची, आणि एक डोळा किंचित उघडा ठेवून आणणाऱ्याचं तोंड वाचायची. माणूस बरणी उचलतो तेव्हा आतलं चांगलं की वाईट हे त्याने मनात ठरवलेलंच असतं, त्याला फक्त दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं असतं. तोंड कसनुसं दिसलं की गिरजा म्हणायची, "टाक." तोंडावर आशा दिसली की म्हणायची, "ऊन दे, चालंल." तेव्हापासून एकही निकाल चुकला नाही.

आणि मग ते सूप आलं.

अनिताच्या गटाने मुरबाडला जाऊन सूप पावडर करायचं शिकून घेतलं होतं. कुळीथ भाजून दळायचे, त्यात शेवग्याचा वाळवलेला पाला, टोमॅटोची पूड, लसूण, मिरी, मीठ. गरम पाण्यात घातलं, ढवळलं, की सूप. पावसात माळशेज घाटात भिजायला येणारी माणसं काहीही गरम दिलं तर पितात, हा गटाचा हिशोब होता. पण खरी आशा होती शहापूरच्या वैष्णवीवर. तिचं तिथे बाजारात घरगुती मालाचं दुकान होतं. श्रावणात ती स्वतः येऊन चव घेणार होती आणि आवडलं तर बारा महिने माल उचलणार होती. आषाढातच अनिताने मोठा पत्र्याचा डबा भरून पावडर तयार केली आणि तो डबा सासूच्या पुढ्यात आणून ठेवला.

"आई, हा तुमच्या ताब्यात. झाकण घट्ट लावायचं. ओला चमचा आत घालायचा नाय. गार, कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवायचा. उग्र वासाचं काय जवळ नको. गुठळ्या धरल्या, रंग उतरला, नायतर खवट वास आला, तर पावडर गेली कामातून."

"मला शिकवतेस?" गिरजा म्हणाली. "तू पाळण्यात होतीस तेवापासून मी भाताचं बियाणं राखतेय."

"म्हणून तर तुमच्याकडं दिलाय. वैष्णवीताई आल्या का तुमी वास घेऊन सांगायचं, मंगच आमी पाकिटं भरणार. तुमचं नाक म्हणजे आमचं मशीन."

मशीन जेठापासून बंद होतं. पण ती म्हणाली, "ठेव."

आता डबा ठेवायचा कुठे? अनिताच्या मनात आतल्या खोलीतलं कपाट होतं. गार आणि अंधारं ते होतंच, पण आषाढ लागला की तिथल्या भिंतीला पाझर फुटायचा आणि साईनाथच्या लग्नातल्या कोटाला दाढी यायची. गिरजाला हे पटेना. सगळ्या घरात पावसाळ्यात कोरडी जागा एकच, मागच्या पडवीतल्या चुलीवरचा बांबूचा माळा. खाली चूल पेटती, वर धुराची ऊब. बियाणं तिथे, मीठ तिथे, काड्यापेट्या तिथे. साईनाथचा दहावीचा दाखला भिजला तेव्हा तोही तिथेच वाळला होता. तिच्या सासूने तसंच केलं, सासूच्या सासूने तसंच केलं. गिरजाने डबा माळ्यावर चढवला. झाकण मात्र तिने जरा सैल ठेवलं, कारण बियाण्याला दम कोंडलेला चालत नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. पावडर काही पेरायची नव्हती, पण हा विचार त्या घडीला तिच्या डोक्यात आला नाही.

एवढ्यावर भागलं असतं. पण गटारी झाली, श्रावण लागला, आणि गावातल्या सुकटीचा प्रश्न आला. शेजारची काशी आपली पिशवी घेऊन हजर. "वयनी, ही तुमच्या माळ्यावर ठेवा. माझ्या घरात राहिली तर माझा श्रावण राह्याचा नाय." तिचं बघून आणखी दोघी आल्या. गिरजाची स्वतःची ती भांडणवाली पिशवी होतीच. सगळ्या पिशव्या सूप पावडरच्या डब्याला टेकून बसल्या. जेठाच्या आधीचं नाक असतं तर त्याने त्याच क्षणी आरडाओरडा केला असता. खाली रोज भाताचं आधण उकळत होतं, त्याची वाफ वर जात होती, आणि सैल झाकणातून जे आत जायचं ते सगळं आत जात होतं.

नागपंचमी झाल्यावर वैष्णवी आली. मुरबाडवरून एसटीने, हातात छत्री, पायात चिखल, पण बोलायला गोड. गटाच्या बाया जमल्या. धाऊ कोपऱ्यात भिंतीला टेकून बसला होता. श्रावणाचा दुसरा आठवडा लागला की धाऊला जगण्यात राम वाटत नसे. सकाळी दुधी आणि संध्याकाळी पडवळ बघून त्याचं तोंड लांब झालं होतं. सूप म्हणजे आजाऱ्याचं पाणी, असं तो आधीच सगळ्यांना सांगून चुकला होता.

गिरजाने डबा काढून आणला, पदराने पुसला आणि झाकण उघडलं. तिने आधी हात घातला. गुठळ्या होत्या. पण बोटांत धरून दाबल्यावर त्या भुरभुरून फुटल्या. चिकट असत्या तर गोष्ट वेगळी. रंग बघितला, जसाच्या तसा. किडा नाही, जाळी नाही. उरला वास.

तिने मूठभर पावडर नाकाशी नेली, डोळे मिटले, आणि सवयीने एक डोळा किलकिला करून तोंडं वाचायला लागली. अनिता गॅसपाशी पाणी उकळत होती, तिची पाठ. वैष्णवी लांब. जवळ होती ती काशी. आणि काशीच्या नाकपुड्या फुलल्या होत्या, डोळे आपोआप मिटले होते, तोंडावर अशी तृप्ती होती की देवीच्या आरतीलाही कधी दिसली नव्हती. गिरजाला याहून मोठा पुरावा नको होता.

"झकास हाये," तिने निकाल दिला. "घाला पाण्यात."

उकळतं पाणी पडलं आणि वाफ उठली. अनिताने ढवळता ढवळता मान वर केली, सासूकडे पाहिलं, मग परत मान खाली घालून ढवळत राहिली. कप फिरले. धाऊने नाक मुरडतच एक घोट घेतला. त्याचा हात थांबला. दुसरा घोट त्याने फार हळू घेतला, तिसरा डोळे मिटून, आणि मग रिकामा कप पुढे करून विचारलं, "आणखी हाय का गो?"

मग झुंबड उडाली. कुणी अर्धा कप मागितला, कुणी "त्याच्यात काय हुतंय" म्हणून पूर्ण. काशी बोटाने कप पुसून चाटत होती. एक बाई म्हणाली की असं कुळथाचं कढण तिने माहेरी खाल्लं होतं, आणि सांगताना तिच्या डोळ्यांत पाणी होतं. गिरजाने स्वतःही घोट घेतला. गरम लागलं, खारट लागलं, मिरी घशाला लागली. एवढंच. पण सगळ्यांची तोंडं बघून तिला इतका आनंद झाला की नाक गेल्याचंही ती घडीभर विसरली.

वैष्णवीने अर्धा कप संपवला. कपात पाहिलं. परत नाकाशी नेला.

"मावशी," ती म्हणाली, "याला सुकटीचा वास येतोय."

सगळ्यांचे कप होते तिथे थांबले. श्रावण महिना, समोर देव्हारा, आणि प्रत्येकीच्या पोटात निदान दीड कप.

"सुकटीचा?" सगळ्यात आधी धाऊ बोलला. "मला तर काय नाय आला."

"मला पण नाय," एक बाई म्हणाली.

"माझं तर कालपासून नाक चोंदलंय," काशी म्हणाली आणि पुरावा म्हणून मोठ्याने नाक ओढलं.

"कुळथाचाच असा असतो वास."

"शेवग्याचा असंल."

हां हां म्हणता त्या खोलीतली सगळी नाकं बंद पडली. वास आला म्हणावं तर मग दुसरा कप का मागितलास, याचं उत्तर द्यावं लागणार होतं. वैष्णवी बिचारी एकटी पडली. तिने आपल्या कपातलं अर्धं राहिलेलं सूप बघितलं, आणि अर्धं संपलेलंही तिला आठवलं असावं. "मी पण श्रावण पाळते," ती हळूच म्हणाली. "मलाच भास झाला असेल."

गिरजा डब्याजवळ बसून हे सगळं बघत होती. तिला सगळं कळलं होतं: माळा, पिशव्या, सैल झाकण. आणि तिला हेही कळलं होतं की ती सुटली. कुणालाच वास येत नव्हता, म्हणजे तिचं नाक शाबूत होतं. नुसतं गप्प बसायचं होतं.

तिने अनिताकडे पाहिलं. अनिता पातेलं धरून उभी होती. तिने पातेलं नाकाशी नेलं, खाली केलं, परत नेलं. तिच्या तोंडावर काय होतं ते वाचायला गिरजाला दोन महिन्यांची सवय होती. पोरीला वास आला होता. पाणी पडलं तेव्हाच आला होता. पण आई झकास म्हणाल्या म्हणजे आपलंच काहीतरी चुकतंय, असं ती स्वतःला समजावत होती. आता ती हीच पावडर पाकिटांत भरणार, त्यावर गटाचं नाव लावणार, आणि शहापुरात कुणी जन्माचा शाकाहारी माणूस ते पाकीट फोडणार. शिव्या खायला मात्र अनिता.

"वास येतोय," गिरजा म्हणाली. "येतच असणार. माझं नाक गेलंय."

"काय पण बोलतेस!" धाऊ हसला.

"जेठात ताप आला तेवा गेलं. मला काय म्हणता काय येत नाय. डबा मी माळ्यावर ठेवला, तुमच्या सगळ्यांच्या सुकटीला चिकटून."

कुणी मानेना. काशी तर कौतुकाने म्हणाली, "वयनी, आमच्यासाठी कशाला अंगावर घेता?" बायांनी माना डोलावल्या. गिरजा आपल्या सगळ्यांचा श्रावण वाचवायला खोटं बोलतेय, असंच त्यांनी धरलं होतं. खरं बोलून असा मोठेपणा मिळतो हे गिरजाला नवीनच होतं, आणि तिला रागही आला.

"थांबा," ती म्हणाली. "मी डोळे मिटते. काय पण आणा आणि माझ्या नाकाशी धरा. मी ओळखलं तर खोटारडी."

तिने डोळे मिटले. पावलं वाजली, काहीतरी सळसळलं, कुणीतरी खोकलं. मग बराच वेळ काही नाही.

"आणा ना लवकर," गिरजा वैतागून म्हणाली. "किती वेळ बसू?"

"आई," अनिताचा आवाज अगदी जवळून आला. "केवाचं धरलंय."

गिरजाने डोळे उघडले. काशीची सुकटीची पिशवी तोंड उघडून तिच्या नाकाला लागली होती. या वेळी कुणी हसलं नाही. काशी पटकन पुढे आली, तिच्या खांद्यावर हात ठेवून तिथेच बसली, आणि गिरजाला वाटलं आता रडू येणार. पण तेवढ्यात धाऊ कोपऱ्यातून म्हणाला, "आता सांगितलंस म्हणून, पण खरंच जरा येतोय हां वास."

"मला पण येतोय आता."

"जाम येतोय!"

सगळी नाकं एका दमात उघडली. अजाणता घडलं त्याला पाप म्हणत नाहीत, असा निवाडा धाऊने दिला आणि तो एकमताने मान्य झाला. वैष्णवीला इतकं हसू आलं की तिने डोळे पुसले. म्हणाली, मुळात चव चांगली आहे, नवीन पावडर करा, घट्ट झाकणाच्या बरण्यांत भरा, चुलीपासून लांब ठेवा. श्रावण संपला की मी परत येते. जाताना ती गिरजाच्या पाया पडली.

"ही फेकून देते," अनिता डबा उचलत म्हणाली.

"फेकतेस कशाला?" काशी घाईने म्हणाली. "दे थोडी, कोंबड्यांना घालीन." मग सगळ्यांनाच आपापल्या कोंबड्या आठवल्या. वाट्या, पिशव्या, पदराची टोकं पुढे झाली आणि डबा तळाला गेला. काशीकडे एकही कोंबडी नव्हती, पण हे कुणी बोलून दाखवलं नाही.

संध्याकाळी अनिताने आमटी-भात केला. धाऊ आधीच जेवून, समाधानाने ढेकर देऊन झोपायला गेला होता. साईनाथ कल्याणवरून अजून यायचा होता. सासूसुना दोघीच. अनिताने सासूचं ताट वाढलं. गिरजा एकच ऐकायची वाट बघत होती, की उद्यापासून तुमी ओटीवर बसा.

"जेठापासून?" अनिताने विचारलं.

"हां."

"म्हणजे दोन महिने माझ्या हातचं जेवताना तुमाला काय कळतच नव्हतं."

"नाय."

"आणि रोज बोलायचात, अनिता, आज आमटी झकास जमली. लगीन होऊन आली तेवापासून कधी बोलला नव्हता. मला वाटलं, आता जमायला लागलं मला."

गिरजाचा घास हातातच राहिला. यावर कुठलीही सारवासारव चालली असती, पण आज एकदा खरं बोलून झालं होतं, त्यामुळे तिची भीड चेपली होती.

"नाक होतं तेवा मी ताटात बघायची," ती म्हणाली. "मीठ कमी, फोडणी जळली, हेच. नाक गेलं, ताटातलं काय कळंना, म्हणून तुझ्या तोंडाकडं बघायला लागली. मी पयला घास घेईपर्यंत तू पळी धरून उभी राहतेस. इतकी वर्षं उभी राहत असशील गो. मी कधी बघितलंच नव्हतं."

अनिता आताही पळी धरून उभीच होती.

"बस आधी," गिरजाने पाट सरकवला. "तू खा आणि मला सांग, कशी झालीय."

अनिता बसली. डोळे पुसून तिने भात कालवला, एक घास खाल्ला, थोडा वेळ चावला.

"लसूण करपलाय," ती म्हणाली.

"मंग नाक गेलं तेच बरं झालं," गिरजा म्हणाली, आणि तिने आणखी एक वाटी आमटी ओतून घेतली.